घरच्या घरी प्लेटिंग: बोल्ट चमकला, पण बरणीतलं पाणी कुठे ओतलं?

रील तुम्हीही पाहिलं असेल. जुन्या गाडीचा गंजलेला बोल्ट, काचेची बरणी, त्यात हिरवट पाणी, बारा व्होल्टचा ॲडॉप्टर आणि दोन क्लिपा. तीस सेकंदांत बोल्ट शोरूममधून आणल्यासारखा चकाचक. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'फक्त व्हिनेगर वापरून घरीच निकेल प्लेटिंग!'

रील तिथे संपतं. बरणी कुठे रिकामी केली, ते कोणी दाखवत नाही.

हा प्रश्न शहरातल्या फ्लॅटमध्येही आहे. पण कर्जत तालुक्यातल्या कशेळ्यासारख्या गावात तो जास्त थेट आहे. इथे पडवीत किंवा गोठ्याशेजारी एखादी एम-८०, राजदूत नाहीतर चेतक उभी असते. ती पुन्हा रस्त्यावर आणायची हौस असते, वेळ असतो, मोकळी जागाही असते. मग घरी प्लेटिंग करायचं की नाही? आपलं उत्तर असं आहे की करता येतं, पण सगळ्या धातूंचं नाही. कोणत्या धातूचं करायचं, हे चमक बघून ठरवू नका. शेवटी बरणीत काय उरतं, ते बघून ठरवा. कसं, ते सविस्तर बघू.

कशेळ्याचं पाणी पुढे कोण पितं?

कशेळे कर्जत-मुरबाड रस्त्यावरचं गाव. जवळून पेज नदी वाहते. टाटांचं भिवपुरीचं जलविद्युत केंद्र १९२२ पासून याच भागात आहे. वीज तयार झाल्यावर सोडलेलं पाणी पेजमध्ये येतं, म्हणून ऐन उन्हाळ्यातही नदीला पाणी असतं. पेज पुढे उल्हास नदीला मिळते. आणि उल्हासच्या पाण्यावर बदलापूर, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली आणि ठाण्याचा मोठा भाग जगतो. खालापूरच्या बाजूला हेच काम पाताळगंगा करते.

गावात मोरीचं पाणी शोषखड्ड्यात, परसात किंवा मागच्या ओहोळात जातं. खाली बसाल्ट खडक आहे. त्याच्या भेगांमधून झिरपलेलं पाणी विहिरीत आणि बोअरमध्ये येतं. म्हणजे मोरीत ओतलेली गोष्ट आपल्याच विहिरीकडे जाऊ शकते किंवा भातखाचरातून नदीकडे.

उल्हास आणि तिला मिळणारी वालधुनी या नद्यांनी रासायनिक सांडपाण्याचा त्रास बराच भोगलाय. २०१४ मध्ये उल्हासनगरला टँकरमधून वालधुनीत रसायन सोडलं गेलं आणि वायूमुळे शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. 'वनशक्ती' या संस्थेने नेलेलं या दोन नद्यांच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ती गोष्ट कारखान्यांची आणि शहरांच्या सांडपाण्याची होती. तुमची बरणी त्याच्यापुढे काहीच नाही, असं वाटेल. म्हणून जरा हिशोब करू.

प्लेटिंग म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे भांड्यांना कल्हई करतात, तेव्हा तापलेल्या तांब्या-पितळेवर नवसागर टाकून कथलाचा थर पसरवतात. तिथे काम उष्णता करते. इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये तेच काम वीज करते. धातूचा क्षार पाण्यात विरघळवायचा. तुमचा बोल्ट ॲडॉप्टरच्या निगेटिव्हला आणि जस्ताचा किंवा निकेलचा तुकडा पॉझिटिव्हला जोडायचा. करंट सुरू झाला की पाण्यातला धातू बोल्टवर बसतो आणि तेवढाच धातू तुकड्यातून पाण्यात उतरतो.

किती बसतो, हे फॅरडेच्या नियमाने मोजता येतं. एक ॲम्पियर करंट एक तास सोडला तर साधारण १.२ ग्रॅम जस्त किंवा १.१ ग्रॅम निकेल बसतं. समजा बोल्टचं सगळं क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर आहे आणि ८ मायक्रॉनचा जस्ताचा थर हवाय. त्यासाठी लागतं फक्त ०.११ ग्रॅम जस्त. ०.४ ॲम्पियरवर जेमतेम १४ मिनिटांचं काम.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, करंट वाढवून घाई करू नका. जास्त करंटने थर काळपट, भुसभुशीत होतो आणि बोटाने निघून येतो. दोन, बोल्टवर जातं एक दशांश ग्रॅम, पण बरणीत धातू असतो कितीतरी ग्रॅम. शिवाय जितका बसला तितका पॉझिटिव्हच्या तुकड्यातून परत येतो. म्हणजे हे पाणी 'संपत' नाही. ते ओतून द्यायची वेळ येते ती बहुतेकदा आपल्याला कंटाळा आला म्हणून.

आता विहिरीचा हिशोब

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस १०५००. त्यात निकेलची मर्यादा आहे लिटरला ०.०२ मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम निकेल ५० हजार लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. पाच मीटर व्यासाची आणि पाच मीटर पाणी असलेली विहीर धरा. तिच्यात साधारण एक लाख लिटर पाणी असतं. तिला दोन ग्रॅम निकेल पुरतं.

व्हिनेगरमध्ये घरी केलेल्या द्रावणात लिटरला पाच ग्रॅम निकेल धरलं, तर एका बरणीमागे अडीच विहिरी झाल्या. कारखान्यात चालणाऱ्या पक्क्या 'वॉट्स बाथ'मध्ये लिटरला ७० ग्रॅमच्या आसपास निकेल असतं. तिथे एका लिटरमागे ३५ विहिरी.

सगळा धातू विहिरीपर्यंत जातोच असं नाही. काही मातीत अडकतो. पण तीच माती भाताची असते, हेही लक्षात घ्या. हा हिशोब फक्त अंदाज येण्यासाठी आहे.

हाच हिशोब बाकीच्या धातूंना लावा:

- क्रोमियम: मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम. एका ग्रॅममागे २० हजार लिटर.
- तांबं: इष्ट मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. माणसापेक्षा माशांना याचा त्रास लवकर होतो.
- जस्त: मर्यादा ५ मिलिग्रॅम. एका ग्रॅममागे २०० लिटर.

निकेल आणि जस्तात तब्बल २५० पटींचा फरक आहे. माशांना जस्तही कमी प्रमाणात बाधतं, त्यामुळे तेही नदीत सोडायचं नाहीच. पण घरी शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करायची, हे या आकड्यांवरून कळतं. जस्तापासून. गंज रोखायलाही जस्तच कामाचं. थरावर ओरखडा आला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं.

आणि कच्चा माल? भाताला जस्त कमी पडलं की शेतकरी जे झिंक सल्फेट टाकतात, ते कृषी सेवा केंद्रात मिळतं. मोरचूदही तिथेच मिळतं, बोर्डो मिश्रणासाठी. मात्र मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवला की लगेच तांबूस होतो, ते खरं प्लेटिंग नव्हे. तो थर लोखंडाला धरून राहत नाही, फडक्याने पुसला जातो. रीलमध्ये छान दिसतो, गाडीवर टिकत नाही.

ॲनोडायझिंग: इथे थर बाहेरून येत नाही

ॲल्युमिनियमचे रंगीत लीव्हर, मोबाईलच्या बॉडीचा मॅट रंग, हे सगळं ॲनोडायझिंग. यात उलटं असतं. आपला पार्ट पॉझिटिव्हला जोडतात आणि ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागाचाच कडक ऑक्साईड थर तयार होतो. त्याला बारीक छिद्रं असतात. त्यात रंग शिरवायचा आणि मग उकळत्या पाण्यात ठेवून छिद्रं बंद करायची.

नेहमीची पद्धत अशी: १५ ते २० टक्क्यांचं सल्फ्युरिक ॲसिड, १२ ते १८ व्होल्ट, आणि दहा बाय दहा सेंटिमीटर एवढ्या पृष्ठभागाला सव्वा-दीड ॲम्पियर करंट. दहा मायक्रॉनच्या थराला साधारण पंचवीस मिनिटं. द्रावणाचं तापमान २० अंशांच्या जवळपास लागतं. कशेळ्यात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा थर मऊ पडतो आणि खडूसारखा हाताला लागतो. 'माझं का होत नाही?' असं विचारणाऱ्यांनी आधी थर्मामीटर बघावा. भांड्याबाहेर बर्फाच्या पाण्याचं टब ठेवलं तर फरक पडतो.

दुसरी अडचण पार्टची. इंजिनची कव्हरं आणि जुन्या स्कूटरचे ओतीव पार्ट यांत सिलिकॉन भरपूर असतं. ते ॲनोडायझिंगमध्ये काळपट, डागाळ होतात. सरावाला खिडकीच्या ॲल्युमिनियम सेक्शनचा तुकडा घ्या, त्यावर रंग छान धरतो.

उरलेल्या पाण्याच्या बाबतीत ॲनोडायझिंग निकेलपेक्षा सोपं आहे. ॲसिड चुन्याने किंवा धुण्याच्या सोड्याने मारता येतं आणि विरघळलेलं ॲल्युमिनियम पांढऱ्या गाळाच्या रूपात खाली बसतं. इथला धोका वेगळाय, आणि तो आहे ॲसिड हाताळण्याचा.

ॲसिड कोण विकू शकतं, कोणाला?

१८ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी अगरवाल यांच्या याचिकेत ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली. दुकानदाराने रजिस्टर ठेवायचं. घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहायचा, पत्त्यासह सरकारी ओळखपत्र बघायचं, कारण विचारायचं. १८ वर्षांखालच्या कोणालाही विकायचं नाही. साठा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या भाषेत प्रांतांना, कळवायचा. नियम मोडला तर ५० हजारांपर्यंत दंड.

तरी डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत द्वारका भागात एका शाळकरी मुलीवर हल्ला झाला आणि ॲसिड ऑनलाइन मागवल्याचं समोर आलं. त्यानंतर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फ्लिपकार्ट आणि मीशोला नोटिसा पाठवल्या.

त्यामुळे तुम्ही बॅटरीच्या दुकानात गेलात आणि दुकानदाराने आधार मागितलं, 'कशाला पाहिजे?' विचारलं, तर चिडू नका. तो नियमच पाळतोय. वय १८ पेक्षा कमी असेल तर ॲनोडायझिंग एकट्याने करायची गोष्टच नाही. घरातल्या किंवा कॉलेजातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. आणि काम झाल्यावर उरलेली बाटली कुलपात गेली पाहिजे. जो नियम विकणाऱ्याला आहे, त्यामागचं कारण घरालाही लागू आहे.

बॅटरीचं ॲसिड साधारण ३७ टक्क्यांचं असतं. एका भागाला दीड ते दोन भाग पाणी लागतं. आधी पाणी घ्यायचं, त्यात ॲसिड हळूहळू सोडायचं. उलटं कधीच नाही. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, जवळ पाण्याची भरलेली बादली आणि सोडा. आणखी एक पर्याय आहे. कर्जत भागातल्या फार्महाऊसच्या स्विमिंग पुलांना पीएच कमी करायला सोडियम बायसल्फेटची पावडर वापरतात. तिच्या द्रावणातही ॲनोडायझिंग होतं. वेळ जास्त लागतो, पण बाटलीभर ॲसिड घरात ठेवावं लागत नाही. पावडरचं द्रावणही आम्लच असतं, तेव्हा गॉगल आणि मोजे इथेही लागतातच.

क्रोमचं काय?

जुन्या गाडीवर क्रोम हवाच, हे मान्य. पण घरी नको.

नेहमीच्या क्रोम प्लेटिंगमध्ये हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं. त्यामुळे कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात नोंदवलंय. प्लेटिंग चालू असताना बुडबुडे फुटून जे तुषार उडतात, ते थेट श्वासात जातात. जगभर यावर निर्बंध वाढतायत. युरोपात क्रोमियम ट्रायऑक्साईड सप्टेंबर २०१७ नंतर खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये शोभेच्या क्रोमसाठी हे रसायन टप्प्याटप्प्याने बंद करायचा निर्णय घेतला. आपल्याकडे प्लेटिंगच्या सांडपाण्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे आणि प्लेटिंगचा उद्योग प्रदूषण मंडळाच्या 'लाल' गटात मोडतो. जे काम कारखान्याला एवढ्या बंधनांखाली करावं लागतं, ते मोरीत करायचं नाही.

गंमत म्हणजे गाडीवरची जी खोल चमक आपण क्रोमची समजतो, ती मुख्यतः खालच्या निकेलची असते. वरचा क्रोम एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. म्हणून हँडल, मडगार्ड, सायलेन्सर हे सरळ व्यावसायिकाकडे द्या. बदलापूर, अंबरनाथ, डोंबिवलीच्या एमआयडीसी पट्ट्यात प्लेटिंगवाले आहेत. देताना दोन प्रश्न विचारा: 'ट्रायव्हॅलंट क्रोम करता का?' आणि 'गाळ कुठे देता?' ट्रायव्हॅलंट हा कमी घातक प्रकार आहे. आणि प्लेटिंग उद्योगाचा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतो. तो तळोज्यासारख्या अधिकृत केंद्रात जायला हवा.

नकळत क्रोम तयार करणारी चूक

गंज काढायला धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात करंट सोडतात. पद्धत चांगली आहे. पण बरेच जण पॉझिटिव्हला घरातला स्टीलचा चमचा लावतात. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं. करंटने ते हेक्साव्हॅलंट होऊन पाण्यात उतरतं. पाणी पिवळं दिसायला लागलं तर समजा काय झालंय. चमच्याऐवजी बांधकामाच्या साध्या सळईचा तुकडा लावा.

अशाच आणखी काही चुका:

- सोड्याऐवजी मीठ टाकणं. त्यातून क्लोरीन वायू निघतो.
- बंद खोलीत काम करणं. निगेटिव्हकडे हायड्रोजन निघतो, एक ठिणगी पुरते.
- ब्रेकचे पार्ट, स्प्रिंगा आणि १०.९ किंवा १२.९ असं कोरलेले बोल्ट घरी प्लेट करणं. हायड्रोजन पोलादात शिरतो आणि बोल्ट वरून नवा दिसतो, पण ताण आला की तुटतो.
- डाळ-भाताच्या भांड्यांवर प्रयोग करणं. त्यांना कल्हईवालाच बरा, तोही शुद्ध कथील वापरणारा.
- थेट घरच्या लाईनवर डायोड आणि बल्ब लावून डीसी काढणं. यात शॉक बसून जीव जाऊ शकतो. चांगला बारा व्होल्टचा ॲडॉप्टर घ्या.

बरणी ओतायची वेळच येऊ देऊ नका

आता मुद्द्याचं. घरच्या प्लेटिंगमधला धातू बाहेर जातो तो दोन वाटांनी: बाथ ओतून देताना आणि पार्ट नळाखाली धुताना. दोन्ही बंद करता येतात.

पार्ट बाहेर काढला की आधी बरणीवरच निथळू द्या. मग एका मगातल्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवा. ते पाणी फेकायचं नाही. बाथचं पाणी कमी झालं की त्यातच घालायचं. दुसऱ्या मगातलं धुणं पुढच्या वेळी पहिल्या मगाला वापरायचं. काम संपलं की बाथ गाळून झाकणाच्या बाटलीत भरा, नाव आणि तारीख लिहा, लहान मुलं आणि गुरं यांच्यापासून लांब ठेवा. जस्ताचं द्रावण असं पुन्हा पुन्हा वापरता येतं. ॲनोडायझिंगचं ॲसिडही बऱ्याच पार्टना पुरतं.

कधीतरी टाकायची वेळ आलीच, तर सोडा घालून पीएच पट्टीवर जस्तासाठी ९ ते १०, ॲल्युमिनियमसाठी ७ च्या आसपास आणा. गाळ बसू द्या. वरचं पाणी नितळ दिसलं तरी त्यात थोडा धातू असतोच. म्हणून तेही ओहोळात नको. पसरट प्लास्टिकच्या टबात, जाळीखाली, उन्हात आटवा. हे काम मे महिन्यात होतं, जुलैत नाही. जिथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे उघडा ठेवलेला टब एका रात्रीत ओसंडून शेतात जातो. जूनच्या आधी सगळं बाटलीबंद झालं पाहिजे. सुकलेला गाळ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

तो डबा द्यायचा कोणाला?

खरी अडचण इथे आहे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी 'घरगुती घातक कचरा' वेगळा ठेवायला सांगितला. पण गावातल्या पोराने गाळाचा एक डबा घेऊन जायचं कुठे? घातक कचऱ्याची यंत्रणा कारखान्यांचा, टनांमधला माल धरून उभी आहे. दोनशे ग्रॅमच्या डब्यासाठी तिच्यात सोपी वाट नाही. दुकानात विकताना ओळखपत्र लागतं, उरलेलं परत घेणारं मात्र कोणी नाही.

यावर फार मोठं काही लागणार नाही. वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, तालुक्याच्या ठिकाणी जुन्या बॅटऱ्या, ट्यूबलाईट, कीटकनाशकांचे रिकामे डबे आणि असे गाळ गोळा करता येतील. ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत हा विषय कोणीही मांडू शकतं. तोपर्यंत जिथे तुम्ही क्रोम करायला देता, त्या प्लेटिंगवाल्याला विचारा, 'माझा डबा तुमच्या गाळात घ्याल का?' सगळे हो म्हणणार नाहीत. पण निकेलचा डबा देण्याची सोय होत नाही तोवर निकेलची बरणी सुरूच करू नका.

कशेळ्यात एम-८० उभी करायची असेल तर कामाची वाटणी अशी ठेवा: गंज काढणं आणि साध्या नट-बोल्टांचं जस्त घरी, ॲल्युमिनियमचे छोटे पार्ट मोठ्या माणसासोबत घरी, निकेल आणि क्रोम कारखान्यात, ब्रेक आणि स्प्रिंगा नव्या विकत. आणि रील टाकणारच असाल, तर धुण्याच्या पाण्याचा मग आणि लेबल लावलेली बाटलीही त्यात दाखवा. बघणाऱ्यांना सगळ्यात जास्त उपयोग त्या दोन सेकंदांचा होईल.